काकूच्या आवाजातला निरोप

मिरचीच्या कारखान्यातली मुकादम बाई म्हणल्यावर तुमाले वाटलं असन, आता कमरेले पदर खोचलेली, तोंडाची तिखट, शिव्यायची माळ लावणारी बाई येते. थांबा जरा. आमची काकू शिवी देतच नव्हती. ती फक्त दाराकडं बोट दाखवे अन् म्हणे, "शिंक बाहेर!"

मेहकरहून लोणारकडं जाताना रस्त्याले लागून आमचा कारखाना. हॉलमधी बाया रांगेनं बसून लाल मिरचीचे देठ खुडत. माल दुबईले जाय, म्हणून त्याच्यावर कोणी शिंकायचं नाही, हा काकूचा कायदा. बाई नाकाले पदर लावून पळे, बाहेर शिंकून मोकळी होये, अन् मुकाट्यानं जाग्यावर येऊन बसे.

मी वजनकाट्यावर. काम कमी, नकला जास्त. काकूचा आवाज तं असा जमे, का मी भिंतीमागून "शिंक बाहेर!" म्हणलं तं शिंक न आलेल्या बायाही उठून पळत. काकू दारात येऊन मले पाहे. "बाप्पा! हा पोट्टा तं माह्यापेक्षा जास्त मी हाय!"

एकदा बँकेचे साहेब माल पाहाले आले. परदेशी ऑर्डर हाती असली का बँक आधीच कर्ज देते. त्याच कर्जातून शेठ मिरची घेई, बायायची मजुरी देई. व्याजाचा काही भार सरकार उचले. साहेबानं पोत्यात हात घातला अन् त्याचं नाक वर गेलं. काकूचं बोट तयारच होतं. "साहेब, शिंक बाहेर." शेठचा चेहरा पांढराफट्ट. साहेब गुमान बाहेर गेले, पोटभर शिंकले, अन् आत येऊन म्हणे, "माल चांगला सांभाळता तुम्ही."

तरी संध्याकाळी काकूचा जीव वर-खाली. "काऊन रे, राग तं नसन आला त्याले? कर्ज अटकलं तं या बाया जातीन कुठं? हिवरा आश्रम गावच्या दोघी याच कामाच्या भरोशावर पोरी शिकवून राह्यल्या."

कर्ज अटकलं नाही. पण यंदा सरकारनं व्याजाची ती सवलतच थांबवली. सगळं व्याज शेठच्या अंगावर आलं. शेठ काकूले म्हणे, "माल कमी घेईन म्हणतो. अर्ध्या बाया कमी कर."

"कमी नाही करत," काकू म्हणे. "एक दिवस अर्ध्या येतीन, दुसऱ्या दिवशी अर्ध्या. सगळ्यायच्या चुली पेटतीन. मी समजावते त्यायले, थोडा वेळ द्या."

शेठनं मान हालवली. काकू घरी गेली तसं त्यानं मले बोलावलं. हॉलचा मोबाईल त्याच्या हातात होता. त्याच्यावरूनच काकू बायायच्या ग्रुपवर बोलून निरोप देई. "काकूच्यानं हे नाही होत. तुले तिचा आवाज येते ना बे? अर्ध्या बायायले येऊ नका म्हणून निरोप टाक."

'आधी काकूले विचारा' एवढं म्हणायचं होतं. पण मले कोणी आवाज काढ म्हणलं का गळ्याले खाजच सुटते. "बायाओ, दाराकडच्या रांगेनं उद्यापासून येऊ नका. काम संपलं." पहिल्याच दमात जमलं. शेठनं पाठ थोपटली. मी हासलोही.

सकाळी दाराकडची रांग रिकामी. काकू इचारत फिरली तं आलेल्या बायायनं पाठ फिरवली. एक म्हणे, "आवाजात ओलावाही नव्हता वं तुह्या." काकूनं मोबाईल कानाले लावला. स्वतःचाच आवाज ऐकला. मंग काट्याच्या खोलीच्या काचेतून माह्याकडं पाहलं.

त्या दिवशी ती गावोगाव फिरली. कोणी कापूस वेचाले निघून गेल्या होत्या, कोणी दारच उघडलं नाही. मी काट्यावर बसून राह्यलो. आता हॉल अर्धाच चालते. काकू इथलं काम सोडून गेली, शेगावले एका लॉजमधी चादरी धुते. मी नकला सोडल्या नाही, तेवढा मोठेपणा मले नाही जमत. पण तो एक आवाज निघत नाही.

शेगावले जायच्या आधी ती काट्यापाशी आली होती. मी पाया पडाले वाकलो.

"उभा राय. नकल केली त्याचा राग नाही मले. पण चुकीची काऊन केली? रोज माह्या मागं-मागं राह्यला, अन् एवढंही नाही समजलं? असं सांगायचंच असतं तं मी मोबाईलवर सांगतलं असतं का बे? एकेकीच्या घरी गेली असती. तिच्या हातचा चहा पेली असती, तिच्या तोंडच्या शिव्या खाल्ल्या असत्या, मंग सांगतलं असतं. बोलला तू, अन् दारोदार शिव्या खात फिरली मी. एका तरी दारात माह्या बाजूले येऊन उभा राह्यला का?"