बुधवारी अकराला घरी कोण असतं

आमच्या भागात त्यांना सगळे मीटरबाई म्हणतात. वीज कार्यालयात त्या एकोणीस वर्षं रीडिंग घ्यायच्या कामावर आहेत. खांद्याला पिशवी, हातात मशीन, गळ्यात छोटी बॅटरी, पायात कापडी बूट. चाल अशी की पोस्टमनही मागे पडेल. दारात उभ्या राहिल्या की बेल वाजवत नाहीत, "मीटर" एवढंच म्हणतात, तेही असं लांबवून की चौथ्या घरातला माणूस दार उघडायला उठतो. कुणाच्या घरात खोकला किती दिवसांचा आहे, कुणाच्या जिन्याची कितवी पायरी इतरांपेक्षा उंच आहे, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच चावतो, हे सगळं त्यांना पाठ असतं. लिहून मात्र काहीच ठेवलेलं नाही.

मी त्यांच्यावर आधी मनापासून चिडलो होतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी. नोकरी विमा कार्यालयात, म्हणजे दुसऱ्यांवर आलेल्या संकटांचे अर्ज तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे संकटातलं आपल्याला जरा जास्त कळतं असा माझा समज होता. पलीकडच्या रस्त्यावर एका दुकानाला आग लागली, तेव्हा मीच पुढाकार घेऊन आमच्या इमारतीचा आपत्कालीन आराखडा तयार केला. छान टाईप करून, चौकटी आखून. कुणाला उचलून खाली आणायचं आणि कुणी उचलायचं, अशा दोन याद्या. दर तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी दहाला सराव. शिट्टी वाजली की सगळे चार मिनिटांत समोरच्या शाळेच्या मैदानात. माझी आई तिसऱ्या मजल्यावर राहते, म्हणजे आम्हीच राहतो. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकर धरून पलंग ते खिडकी एवढंच चालते. तिला खुर्चीत बसवून मी आणि माझा मेहुणा खाली आणायचो. मेहुणा खास त्यासाठी रविवारी यायचा आणि नाश्ता करून जायचा.

तो आराखडा मी तळमजल्यावर फळ्यावर लावला होता. रीडिंग घ्यायला आलेल्या मीटरबाईंनी तो चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला आणि कामावर निघालेल्या मला जिन्यात गाठलं.

"सेक्रेटरीसाहेब, आग रविवारीच लागणार आहे का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"नाही, म्हणजे हे उचलणारे बाराही जण बुधवारी अकरा वाजता कुठे असतात?"

बाराही जण ऑफिसात असतात, हे मला त्या क्षणी कळलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही तुमचं रीडिंग घ्या."

त्यांनी शांतपणे रीडिंग घेतलं. मग आमच्या मजल्याकडे बोट दाखवलं. "आणि तुमच्या दाराला बाहेरून कुलूप असतं. त्याची किल्ली कुणाकडे?"

किल्ली माझ्या खिशात होती. दुसरी बायकोच्या पर्समध्ये, आणि बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला शाळेत शिकवते.

कुलूप मी निष्काळजीपणाने लावत नव्हतो. दोन वर्षांपूर्वी आई एकटी असताना बेल वाजली, ती दार उघडायला धडपडत उठली आणि पडली. नशिबाने हाड वाचलं. तेव्हापासून मी बेलची वायर काढली आणि बाहेरून कुलूप लावायला लागलो. कुलूप दिसलं की कुणी दार वाजवत नाही, कुणी वाजवलं नाही की आई उठत नाही. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटत होता. मीटरबाईंना मी तो जरा चढ्या आवाजात समजावून सांगितला.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी मागच्या गल्लीत आग लागली ना, त्या घराचं रीडिंग मी तासाभरापूर्वीच घेतलं होतं. बाहेर कुलूप होतं. आतून आजोबा म्हणाले, 'मीटर बाहेरच आहे बाई, मला दार उघडता येत नाही.' मग मी पुढे गेले. आग लागली तेव्हा लोकांनी कुलूप बघितलं आणि घरात कुणी नाही म्हणून बंबवाल्यांना शेजारच्या घराकडे पाठवलं. मी तेव्हा तीन गल्ल्या पलीकडे होते. आजोबा आत आहेत हे मला माहीत होतं, साहेब. पण मला कुणी विचारलंच नाही."

एवढं बोलून त्या दुसऱ्या मजल्यावर निघून गेल्या. मला दिवसभर एकही अर्ज धड वाचता आला नाही.

पुढच्या आठवड्यात त्या सुट्टी टाकून आल्या. घरी आमच्या आईशेजारी बसल्या, आणि मला नवल वाटलं, कारण दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बोलत होत्या. गेली दोन वर्षं दर महिन्याला बंद दाराच्या अलीकडून आणि पलीकडून त्या पाच मिनिटं गप्पा मारत होत्या म्हणे. मला पत्ताच नव्हता.

"लवकरच नवे मीटर बसणार," मीटरबाई म्हणाल्या. "ते आपलं रीडिंग आपणच पाठवतात. मला ऑफिसात टेबलावर बसवणार आहेत. मग दारोदार कोण जाणार? माझ्या डोक्यात जे आहे ते कुठेतरी उतरवून द्यायचंय."

मी कागद घेतला. बुधवारी अकराला आमच्या इमारतीत कोण असतं, ते त्यांनी न अडखळता सांगितलं. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या शिवणताई. पहिल्या मजल्यावर हेडमास्तर आणि त्यांची बायको. हेडमास्तर निवृत्त, एक गुडघा कामातून गेलेला. दुसऱ्या मजल्यावर बाळंतीण, तिचं दीड महिन्याचं बाळ आणि तिची आई. तिसऱ्या मजल्यावर आमची आई, आणि आमच्या समोरच्या दारात भट्टीवाला.

"भट्टीवाला?" मी म्हटलं. "तो कधीच दिसत नाही. मिटिंगला नाही, सरावाला नाही. माणूसघाणा आहे."

"बेकरीत रात्रपाळी करतो तो. तुम्ही शिट्टी वाजवता तेव्हा त्याला झोप लागून दोन तास झालेले असतात. रोज पन्नास किलोची पोती उचलतो. तुमच्या इमारतीत दिवसा असलेला सगळ्यात दणकट माणूस आहे, आणि तुमच्या दोन्ही याद्यांत त्याचं नाव नाही."

आठ जण, बाळ धरून. त्यांतले निम्मे माझ्या उचलायच्या यादीत होते. पण मीटरबाईंनी प्रत्येकाला काम दिलं. शिवणताईंनी शिट्टी वाजवायची आणि बंबाला फोन करायचा. हेडमास्तरांच्या बायकोने बाळ घ्यायचं, म्हणजे बाळंतिणीला स्वतःला सांभाळून उतरता येईल. भट्टीवाल्याने आईला खुर्चीसकट खाली आणायचं. आईकडे बघून त्या म्हणाल्या, "मोजायचं काम तुमचं."

आईचा चेहरा बदललेला मी बघितला. ती तीस वर्षं बस कंडक्टर होती. आयुष्यभर तिने माणसंच मोजली होती, चालत्या गाडीत, गर्दीत, उभ्याने. "माझ्या गाडीतला माणूस खाली राहिला आणि मी घंटी मारली, असं एकदाही झालं नाही," ती म्हणाली. अशा आवाजात ती बोलते हे मी विसरलो होतो.

सगळं ठरलं, फक्त किल्लीवर घोडं अडलं. बाई म्हणाल्या, भट्टीवाल्याला द्या, समोरच तर राहतो. मी ठाम नाही म्हटलं. ज्याच्याशी आयुष्यात चार शब्द बोललो नाही त्याच्याकडे आईच्या दाराची किल्ली कशी द्यायची? मी हेडमास्तरांना दिली. सज्जन माणूस, वर्षानुवर्षांची ओळख.

सराव बुधवारी अकराला ठेवला. मी अर्धी रजा काढून घड्याळ घेऊन जिन्यात उभा राहिलो, मदत करायची नाही या अटीवर. शिट्टी वाजली. बाळ खाली गेलं, बाळंतीण गेली, तिची आई गेली. हेडमास्तर वर यायला निघाले. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात किल्ली. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले. तिसऱ्यावर पोचले आणि किल्ली हातातून पडून दोन पायऱ्या खाली गेली. ती उचलायला त्यांना वाकता येईना. भट्टीवाला बनियनवर आमच्या बंद दारासमोर हात बांधून उभा होता. शिट्टीनंतर अर्ध्या मिनिटात तो तिथे आला होता.

आई खाली पोचेपर्यंत अकरा मिनिटं झाली. घामाघूम झालेले हेडमास्तर मला म्हणाले, "माफ करा हो, नापास झालो." मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. नापास मी झालो होतो. आतून आई सारखी विचारत होती, "किती झाले? किती उतरले?" आणि तिला उत्तर द्यायला दाराबाहेर नियम पाळत उभा असलेला मी होतो.

त्याच दुपारी मी किल्ली भट्टीवाल्याला नेऊन दिली. त्याने ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "मावशी आत असतात हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "रेडिओ ऐकू येतो. पण तुम्ही कधी काही बोलला नाहीत, मग मी कसा विचारणार?"

पुढचे दोन सराव त्यांनी माझ्याशिवाय केले. जिन्याखाली मेन बोर्डापाशी साठलेली अडगळ मीटरबाईंनी सगळ्यांना हलवायला लावली. त्यात माझी जुनी गादीही होती, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. वेळ अकरा मिनिटांवरून सातवर आला, मग चारवर.

आग लागली ती मंगळवारी, सव्वाबारा वाजता. बुधवार नव्हता आणि अकराही नव्हते, पण माणसं तीच होती.

मेन बोर्डात ठिणग्या उडाल्या आणि जिन्यात धूर भरायला लागला. शिवणताईंचा मला फोन आला, "बोर्ड पेटलाय, आम्ही उतरतोय," आणि बंद झाला. त्या कामात होत्या. मी ऑफिसातून धावत सुटलो. त्या पंचवीस मिनिटांत माझ्या डोळ्यासमोर एकच गोष्ट होती, बाहेरून लावलेलं कुलूप. ते मी सकाळी माझ्या हाताने लावलं होतं, आणि घट्ट बसलंय ना म्हणून दोनदा ओढूनही बघितलं होतं.

गल्लीत बंब उभा होता. जिन्याची भिंत दुसऱ्या मजल्यापर्यंत काळी पडली होती. मी शाळेच्या मैदानाकडे वळलो. झाडाखाली स्वयंपाकघरातल्या खुर्चीत आई बसली होती. केस विस्कटलेले, खांद्यावर भट्टीवाल्याचा टॉवेल. मी "आई" म्हणून हाक मारली तर तिने न बघताच हात वर केला.

"थांब. मोजतेय."

मी थांबलो.

तिने पहिल्यापासून पुन्हा मोजलं, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून. बाळाच्या अंगावरचं फडकं बाजूला सारून त्याचंही तोंड बघितलं. "आठ," ती बंबवाल्याला म्हणाली. "आत कुणी नाही. तुमची माणसं उगाच वर चढवू नका." मग माझ्याकडे वळली. "तू कशाला धावत आलास? तू कामावर होतास, तुला मी धरलंच नव्हतं."

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. शिवणताईंनी पाणी दिलं. तोवर कुणीतरी कळवल्यामुळे मीटरबाईही पोचल्या. त्यांनी आधी आईकडे बघितलं. आईने आठ बोटं दाखवली. बाईंनी मान हलवली आणि पदराने तोंड पुसलं.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"साडेतीन मिनिटं," भट्टीवाला म्हणाला. "मावशी लवकर उचलू देत नव्हत्या. खालून बाळ उतरल्याची हाक आल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या."

आता मीटरबाई टेबलावर बसतात. पण दर शनिवारी दुपारी त्या कुठल्या ना कुठल्या इमारतीत असतात, आणि एक माणूस कागद घेऊन त्यांच्यासमोर बसलेला असतो. आतापर्यंत सतरा इमारती झाल्या. आमच्या आईला त्या दोनदा रिक्षाने बरोबर घेऊन गेल्या, मोजायचं कसं ते शिकवायला.

आग लागली त्या संध्याकाळी मी आईचे पाय चेपत बसलो होतो. मी म्हटलं, "कुलपाची भीती वाटायची का गं तुला?"

ती म्हणाली, "रोज तू कुलूप ओढून बघायचास ना, तो आवाज आला की मी खिडकीपाशी सरकायचे. काही झालं तर रस्त्यावरून निदान कुणाला तरी दिसेन म्हणून. तू काळजीनेच लावायचास, मग तुला कसं सांगणार?"

"पण उघडं ठेवलं आणि कुणी आलं, तू उठलीस, पडलीस तर?"

"अरे, दार उघडं असलं तर उठायचं कशाला? आत या म्हणेन की."

दोन वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार नुसतं लोटलं. जिन्याला अजून जळका वास होता. भट्टीवाला नुकताच पाळीवरून येत होता, भुवयांवर पीठ. त्याने दाराकडे बघितलं, कडी मोकळी होती.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "मी आहे."

आतून आईने त्याला हाक मारली, चहा घेऊन झोप म्हणून. मी ऑफिसला निघालो.