बसून घेतलेली झोप

तळेगावजवळच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी अकरा वर्षं नर्स होते. कामगार आमच्या खोलीला दवाखाना म्हणायचे. एक कॉट, औषधांचं कपाट, वजनकाटा, दोन खुर्च्या आणि श्वास मोजायचं मशीन, एवढंच तिथे होतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस माझ्यावर. सकाळी देहूरोडला लोकल पकडायची, पुढे कंपनीची बस. भाजलेला हात, डोळ्यात गेलेला कण, अंगात कणकण, असं काही ना काही दिवसभर चालू असायचं.

फेटलिंग विभागातले एक भाऊ मात्र काही होत नसताना यायचे. साच्यातून काढलेल्या लोखंडी भागांना चिकटलेली वाळू आणि कडा घासून काढायच्या, हे त्या विभागाचं काम. भाऊ इंदुरीचे, पन्नाशीला आलेले, वीस-बावीस वर्षं ग्राइंडरवर. जेवणाच्या सुट्टीत दार ढकलून विचारायचे, "शिष्टर, धा मिनटं बसू का?" भिंतीकडच्या खुर्चीत बसायचे, डोकं मागे टेकवायचे आणि पुढच्या मिनिटाला त्यांना झोप लागलेली असायची.

मी एकदा म्हटलं, "कॉट रिकामीच आहे भाऊ, आडवे व्हा की."

"न्हाई, हितंच बरं हाय."

कपडे काळ्या धुळीने भरलेले, चादर खराब होईल म्हणून संकोचत असतील, असं मी धरून चालले. मनातून थोडी वैतागायचेही. घरी जागरण करतात आणि झोपायला इथे येतात, असं वाटायचं.

वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी व्हायची. त्यात छाती भरून श्वास घ्यायचा आणि त्या श्वासाच्या मशीनमध्ये सगळा जोर लावून फुंकायचं, श्वास संपेपर्यंत थांबायचं नाही. मी ओरडायचे, "अजून, अजून, अजून!" भाऊंचं फुंकणं अर्ध्यावर खोकल्याने तुटायचं. तीनदा, चारदा तसंच. प्रयत्न नीट झाला नाही, असं मशीन दाखवायचं आणि मी कागदावर लिहायचे, 'सहकार्य अपुरे'. एका वर्षी तर रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, जेवला नाहीत का आज?" लोक हसले. भाऊही हसले, आणि त्या हसण्याचाही खोकला झाला. असं मी तीन वर्षं लिहिलं.

मग एका दुपारी सुपरवायझर त्यांना घेऊन आले. डाव्या हाताला रुमाल गुंडाळलेला, त्यातून रक्त येत होतं. ग्राइंडरवर उभ्या उभ्याच त्यांचा डोळा लागला होता आणि हात सरकला होता. हातमोजा जाड होता म्हणून थोडक्यात निभावलं. सुपरवायझर म्हणाले, "यांना कामावर झोप येते. तसं लिहा रिपोर्टात," आणि निघून गेले.

जखम धुताना मी विचारलं, "रात्री झोपत नाही का तुम्ही?"

"झोपतो की. बसून."

"बसून म्हणजे?"

"आडवं पडलं की दम कोंडतो. छातीवर कुनी बसल्यागत हुतं. मग उठून भितीला टेकून बसायचं. तशीच लागंल तेवडी लागती."

"किती दिवस झाले?"

"दिवस कशाचं, तीन वर्सं झाली आसतील."

"मग मला सांगितलं का नाही?"

भाऊंच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमी इचारलं न्हाई. आन मी नीट फुकत न्हाई आसं तुमीच लिवता दर वर्साला. मला वाटलं, आपलंच कायतरी चुकत आसंल."

टाके घालायला त्यांना गाडीने गावातल्या दवाखान्यात पाठवलं आणि मी तिन्ही वर्षांचे कागद शेजारी शेजारी मांडले. फुंकणं तुटलेलं होतं, पण जो काही आकडा आला होता तो दर वर्षी खाली गेला होता. नुसते शेजारी ठेवले असते तरी दिसलं असतं. वेगवेगळ्या फायलींत होते म्हणून दिसलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालू पाहिली. ती काही पटली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कागद दोनदा पाहिले. "प्रत्येक कागदावर माझी सही आहे," एवढंच म्हणाले आणि पुण्यातल्या छातीच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिहिली.

भाऊ मात्र जाईनात. एक आठवडा गेला, दुसरा गेला. छातीच्या फोटोत काही निघालं तर ग्राइंडरवरून काढतील, ही धास्ती. शेवटी एका रविवारी मी इंदुरीला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, मावशींनी, मला आतली खोली दाखवली. भिंतीशी तांदळाच्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर दोन गोधड्या टाकलेल्या. मधोमध पाठीच्या आकाराचा खळगा पडला होता.

चहा घेता घेता मी भाऊंना समजावत होते. धूळ, फुप्फुसं, वेळेत कळलेलं बरं, सगळं सांगून झालं. ते मान हलवत होते, पण जातो म्हणत नव्हते. मावशी दाराशी बसून ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या कामाचं ऱ्हाऊ द्या. तुमचा दम आडकतो का काय म्हून मी बी जागीच आसते रोज. मला तरी एक रात झोपू द्या."

भाऊंनी कप खाली ठेवला. "हे कदी बोलली न्हाईस."

"आता बोलले."

मंगळवारी ते पुण्याच्या दवाखान्यात गेले. फोटोत दोन्ही फुप्फुसांवर डाग होते. घासताना उडणारी वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत जाऊन बसली होती. एका रात्रीपुरतं बोटाला लावायचं मशीन दिलं होतं. झोपेत रक्तातला ऑक्सिजन उतरतो, हेही त्यात दिसलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, झालं ते भरून येणार नाही. पण धुळीतून बाहेर पडलात, तोंडात ओढायचा औषधाचा पंप नियमित घेतलात, तर त्रास आटोक्यात राहील आणि झोप सुधारेल.

आता प्रश्न कारखान्याचा होता. सुपरवायझरांचं म्हणणं, माणूस कामाला अयोग्य, तसं लिहा. मी तसं लिहिलं नाही. धूळ ओढून घेणारे पाइप ग्राइंडरच्या मागे आहेत, ते ओढतात का हे आधी बघा, असं लिहिलं. डॉक्टरांनी खाली सही केली, या वेळी पूर्ण वाचून. मॅनेजरांनी महिनाभर उत्तर दिलं नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी पाइप उघडले, तर आत वाळू दगडासारखी घट्ट बसलेली. पोतीच्या पोती निघाली.

त्या विभागातल्या प्रत्येकाची तपासणी मी पुन्हा केली. मशीन लावण्याआधी विचारायचे, रात्री कसे झोपता, किती उशा घेता, मध्येच उठून बसावं लागतं का. आणखी दोघं निघाले. त्यातला एक तर तिशीचा होता, आणि दम लागतो हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

भाऊंना तयार माल तपासायच्या जागेवर दिलं. तिथे धूळ नाही. छोट्या हातोडीने प्रत्येक भागावर टिचकी मारायची आणि नाद ऐकायचा. आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. सुरुवातीचे दोन महिने ते माझ्याकडे फिरकले नाहीत. बसमध्ये भेटले तर दुसरीकडे बघायचे. माझ्यामुळे आपलं खरं काम गेलं, असं त्यांना वाटत होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मग एक दिवस आपणहून आले. आदल्या दिवशी सगळ्यांनी पास केलेला एक मोठा भाग त्यांनी नुसत्या आवाजावरून बाजूला काढला होता. फोडल्यावर आत चीर निघाली. ते सांगताना दोनदा थांबून त्यांनी श्वास घेतला. "कान अजून चांगलं हायेत," म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडली. त्यानंतर एका दुपारी इंदुरीवरून जाताना त्यांच्याकडे डोकावले. मावशी अंगणात घेवडा सोलत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खिडकीतून आत दिसत होतं. खाटेच्या डोकीकडच्या पायांखाली विटा घातल्या होत्या आणि भाऊ तीन उशांवर, तिरके का होईना, पण आडवे झोपले होते.

"उठवू का?" मावशींनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. मूठभर शेंगा घेऊन मीही सोलायला बसले. मावशी हळू आवाजात पुतणीच्या लग्नाचं सांगत राहिल्या. चार वाजता मी निघाले, तेव्हाही ते झोपलेलेच होते.