सोमाच्या बॅटरीचं पाणी

अंबडच्या एका कारखान्यात रंगनाथ साळवे इलेक्ट्रिशियन होता. कामात इतका चोख, की त्याने एकदा तपासून सांगितलं की साहेबही पुन्हा बघायला जात नसत. १९८४ च्या उन्हाळ्यात हाच भरवसा सोमाला भोवला.

सोमा कारखान्यात माल वाहणारी, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी चालवायचा. वर्षही न झालेल्या बॅटरीचं पाणी आटलं, प्लेटा वाकल्या आणि गाडी शेडमध्येच बसली. रंगनाथने चार्जरच्या पेटीपाशी मीटर लावला. अठ्ठावीस व्होल्ट, अगदी बरोबर. चार्जरमध्ये दोष नाही, ड्रायव्हर पाणी घालत नसावा, असं त्याने लिहून दिलं. दर सोमवारी पाणी घालतो, असं सोमा काकुळतीने सांगत होता. रंगनाथने कान दिला नाही. आठवडाभरात सोमाला कामावरून काढलं. बायको शकुबाईला घेऊन तो येवल्याला आईकडे निघून गेला.

पावसाळा सरता सरता नवी बॅटरीही उकळू लागली. नवा ड्रायव्हर पाणी घालतो, हे तर रंगनाथने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्याने मीटर थेट बॅटरीवर लावला. बत्तीस. चार्जरच्या पेटीत, मागे जिथे मीटर लावला होता तिथे, मात्र अठ्ठावीसच. ती जागा म्हणजे, बॅटरी किती भरली याची खबर चार्जरला देणाऱ्या एका बारीक तारेचं टोक होतं. तारेचा बॅटरीकडचा प्लग उघडला, तर आतली पिन अ‍ॅसिडने हिरवी पडून गंजलेली. खबर कमी पोचत होती, म्हणून भरलेल्या बॅटरीतही चार्जर वीज ढकलतच होता.

पिन बदलायला दहा मिनिटं लागली. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण जुनी पिन कागदात गुंडाळून तो साहेबांकडे गेला आणि चूक माझी होती म्हणाला. साहेब खूप बोलले, तरी सोमाला परत घ्यायला तयार झाले.

रविवारी तो एसटीने येवल्याला गेला. सोमा मेव्हण्याच्या हातमागापाशी बसून कांड्यांवर रेशीम गुंडाळत होता. रंगनाथने सगळं सांगून माफी मागितली. सोमाने धाग्याचा गुंता सोडवायला घेतला.

"गावात लोक इचारायचे, काय चोरलं म्हणून काढलं," तो म्हणाला. "आईबी तेच धरून बसली."

"मी सांगतो त्यांना. आत आहेत का?"

दारात उभ्या शकुबाईने मान हलवली. "सासूबाई श्रावणात गेल्या, भाऊ."

शकुबाईने दिलेला चहा पिऊन रंगनाथ परतीच्या एसटीला निघाला.

दिवाळीनंतर सोमा परत गाडीवर रुजू झाला. रंगनाथशी तो कामापुरतं नीट बोलायचा, त्यापलीकडे नाही. त्याहून जास्त मागायचा धीर रंगनाथला कधी झाला नाही.