अण्णांचा रॉकेलचा बोळा

काल माळ्यावरच्या बंद डब्यात माझ्या वडिलांचा, अण्णांचा, सुताचा बोळा सापडला. रॉकेलचा वास अजून होता. त्या वासासरशी मी पालघरकडच्या एका किनाऱ्यावर जाऊन पोचले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही मनमाडची माणसं, समुद्र पहिल्यांदाच बघत होतो. कुठल्याशा जहाजातून सांडलेलं काळं तेल वाळूवर पसरलं होतं. त्यात खेकडे मरून चिकटले होते आणि एक पांढरा समुद्रपक्षी फडफडत होता. अण्णा रेल्वेत फिटर. ग्रीस काढायचं तर रॉकेलनंच, एवढं त्यांना ठाऊक. त्यांनी सहलीच्या स्टोव्हमधलं रॉकेल नेहमी खिशात असणाऱ्या बोळ्यावर ओतलं आणि पक्षी धरला.

"अहो, थांबा!" आई ओरडली. "लय नाजूक कातडी हाय त्याची. तुमच्या हातांचं काय केलंय रॉकेलनं, बघा की जरा!"

अण्णांनी हात बघितले. मीही बघितले, पहिल्यांदाच. नुसत्या भेगा. आई त्यांना रोज खोबरेल का चोळते, ते तेव्हा कळलं.

मग पुऱ्यांसाठी आणलेलं गोडेतेल लावून, स्टोव्हवर पाणी कोमट करून, दोघांनी पक्ष्याला साबणानं धुतलं. तो चावत होता, अण्णा हसत होते. शेवटी तो झुडपाखाली जाऊन बसला. जगला की नाही, माहीत नाही. पण त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

परतीच्या एसटीत आईनं खोबरेलाची बाटली काढली. मी ती तिच्या हातून घेतली.

पुढे अण्णा होते तोवर ते काम माझंच राहिलं.