काट्यांखालचा डवरा

मी भूगर्भशास्त्र शिकायला पुण्याला निघाले, तेव्हा आई मला सोडायला मोखाड्याच्या स्टँडपर्यंत आली नाही. पाड्यावरची जीप भरली की सुटते आणि तिला पाण्याला जायचं होतं. रिकामा हंडा कमरेवर घेऊन ती जीपजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “तठं कुनाला भिऊ नको. आन कुनाशी भांडू पन नको.” मी दोन्ही पाळलं. तोंडानं कुणाशी भांडले नाही. पोटात काय चाललं होतं ते आज सांगते.

पाड्यावरच्या बायांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. यात मी फारशी चांगली दिसत नाही, तरी वाचा.

वर्गात ऋता होती. सदाशिव पेठेतली, आजोबांपासून घरात गिर्यारोहण. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, “तू ट्रेक करतेस का गं?” मी नाही म्हणाले. दिवसातून दोनदा डोंगर उतरून पाण्याला जाणं आणि भरल्या हंड्यानं पुन्हा चढणं, याला ट्रेक म्हणतात हे मला कुठं ठाऊक होतं? आमच्याकडे डोंगरावर कामाला जातात. लाकडाला, मोह वेचायला, रानभाजीला. ऋता डोंगरावर नुसती बसायला जायची. दगडावर पाय पसरून डबा खायची, आणि तो अख्खा सह्याद्री जणू तिच्या अंगणातला कट्टा असायचा. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या बुटांचा, तिच्या इंग्रजीचा, आणि सगळ्यात जास्त त्या बसण्याचा.

शिकायला मी कमी नव्हते. वरचा फुसका दगड आणि खालचा घट्ट काळा दगड जिथं भेटतात तिथून झरा फुटतो, हे सरांनी फळ्यावर काढलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्या बाया त्या रेषेवरून रोज चालतात. पण मी हात वर केला नाही. “तुला काय, तू जंगलातलीच” असं कुणीतरी गोड आवाजात म्हणालं असतं. जातीच्या दाखल्यावर सीट मिळाली हे तर सगळ्यांना माझ्या नावाआधी कळलं होतं.

शिक्षण संपल्यावर आम्ही दोघी एकाच झऱ्यांच्या पाहणीत लागलो, आणि पहिलंच काम निघालं आमच्या मोखाड्यात. माझा ऊर भरून आला. म्हटलं, आता बघा. पहिल्याच दिवशी जंगलाच्या नाक्यावरच्या रखवालदारानं ऋताला “या मॅडम” म्हटलं आणि मला अडवून विचारलं, “लाकडं तोडायला चाललीस का?” माझ्या हातात दगड फोडायची हातोडी होती, तिच्याही हातात तीच होती. ऋता त्याच्यावर चिडली, माझ्या बाजूनं खूप बोलली. त्याचाही मला राग आला. माझ्या मुलखात माझी ओळख पटवून द्यायला ती कोण?

पुढे पाहणीचा मधला अहवाल आला. कड्याची उंची कळावी म्हणून फोटोत शेजारी माणूस उभा करतात, तशी मी एका कड्याजवळ उभी होते. खाली छापलं होतं, “स्थानिक महिला”. ते ऋतानं लिहिलं नव्हतं, मला माहीत होतं. तरी माझा सगळा राग तिच्यावरच.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही आमच्या पाड्याच्या ओहोळात उतरलो. एप्रिल संपत आला होता, ओहोळ कोरडा ठाक. पण आमच्या बाया तिथं एक खड्डा उकरून ठेवतात, त्यात खालून पाणी पाझरतं. त्याला आम्ही डवरा म्हणतो. गुरांनी तोंड घालू नये म्हणून त्यावर करवंदीच्या काट्यांचा ढीग रचतात. लहानपणी तो ढीग रचायचं काम माझं होतं, काटे कसे अडकवायचे हे माझ्या बोटांना अजून आठवतं. नवख्या माणसाला ते कुंपणातून उरलेलं झुडूप वाटतं. ऋता त्याच्या अगदी जवळून गेली, वहीत काहीतरी लिहीत. मी थांबले. मनात म्हटलं, हिला सगळं दिसतं ना, मग हेही दिसू दे. आणि तिच्यामागून चालू लागले.

पाहणीच्या नकाशात आमचा झरा आला नाही. ज्या पाड्यांचे झरे नकाशात होते, तिथं पुढच्या वर्षी दगडी कुंडं बांधली, नळ काढले. मी त्या वर्षीच्या मे महिन्यात घरी गेले तेव्हा आई डवऱ्याशी उकिडवी बसून वाटीनं हंडा भरत होती. एक वाटी, मग पाझराची वाट, मग दुसरी वाटी.

मला बघून ती हसली. म्हणाली, “त्या दिशी मी वरून बघत होती. तू त्याहना डवरा दावला नाय. बरं केलंस, पोरी. खालच्या फार्महाऊसवाल्यांनी पंप लावला असता.”

मी ते कौतुक घेतलं. दोन दिवस घेतलं, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसून वाटी धरली आणि खरं सांगितलं. पाण्यासाठी नाही, एका मुलीवरच्या जळफळाटानं मी गप्प बसले होते.

आईनं माझ्या हातची वाटी घेऊन हंड्यात रिकामी केली. मग म्हणाली, “आपन काटं गुरांसाठी टाकतो. मानसांसाठी नाय.” आणि हंडा उचलून चालू लागली.

मी मोखाड्याला जाऊन ऋताला फोन केला. तिलाही सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “नकाशात अजून भर घालता येईल. मी येते.”

ती आली. आईनं स्वतः काटे बाजूला केले आणि पंप लागू द्यायचा नाही हे तिच्याकडून कबूल करून घेतलं. झरा कधी आटतो, कुठल्या साली कुठून फुटला होता, हे ऋता विचारत गेली आणि आई सांगत गेली. कुठल्याच पुस्तकात नाही अशी ती माहिती. मी एवढं शिकले, पण आईला हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या आईशी ती माझ्यापेक्षा जास्त बोलली, आणि मी पुन्हा जळले. हे काही एका कबुलीनं जात नाही.

पुण्यात लोक विचारतात, आता घर कुठलं, इथलं की तिथलं? मला नीट सांगता यायचं नाही. आता येतं. त्या दुपारी सगळे ओसरीवर टेकलो. आईनं तांब्या घासला, ऋताला पाणी दिलं, तिच्या गाडीच्या ड्रायव्हरला दिलं, पुन्हा ऋताला विचारलं, “आनखी देऊ का गं बाय?” मी वाट बघत बसले होते, तोंड पाडून.

आईनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. चुलीकडे जाता जाता म्हणाली, “तुझं तू घे.”