गुडघ्याखालची चार बोटं

“बोट जाते का पाह्य आधी.”

न्हाणीत पाटावर बसून पाय लांब केले की मावशीचं पहिलं वाक्य हेच असे. बाळाच्या आईनं वाकून तिच्या गुडघ्याखाली बोट सरकवून पाहायचं. बोट जात नसे. दोन्ही पाय फळीसारखे सरळ, फरशीला चिकटलेले. मग मावशी हात पुढे करी, “आण आता तुह्यं सोनं.”

गुडघ्याखाली जागा राहिली की पाय डुगडुगतो आणि तेल लावलेलं लेकरू घसरतं, हे तिचं शास्त्र. वर्ध्याच्या आमच्या मोहल्ल्यात नव्वदच्या दशकात जन्मलेली बहुतेक मुलं तिच्या नडग्यांवर पालथी पडून रडलेली आहेत. माझीही दोन्ही रडली. मी दवाखान्यात नर्स. पण पहिल्या बाळाच्या अंगावर पाणी घालताना मीच तांबा हातात धरून बसले, तेव्हा तिनं मला बाजूला केलं. “सुया तुह्या, पाणी माह्यं,” म्हणाली.

तुमच्याही गावात अशी एखादी असेलच. आमची मावशी लेकरांशी बोबडं बोलत नसे. माझा मुलगा गळा काढू लागला की विचारी, “काय वकीलसाहेब, झालं का भाषण?” तो पुढे वकील झाला नाही. भाषण मात्र अजून चालू असतं.

ओल्या फरशीवर वीस-बावीस वर्षं ऊठबस केल्यावर तिचा डावा गुडघा वाकडा होऊ लागला. पहिल्यांदा एक बोट गेलं तेव्हा ती हसली. एकावर एक दोन गेली तेव्हा उजव्या पायावर भार घेऊन तिनं काम निभावलं. ज्या दिवशी तीन गेली, त्या दिवशी तिनं हातातलं लेकरू कोरडंच आईकडे परत दिलं आणि घरी निघून गेली.

नेमके त्याच सुमारास वडनेरला दिलेल्या तिच्या मुलीला दिवस राहिले. लग्नाला सात वर्षं झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे ठरलेलं. मावशी लंगडत माझ्या दारात आली. “पाय सरळ करून देणारा डॉक्टर सांग. जगाची लेकरं न्हाऊ घातली, पोरीचं काय सुनेच्या हाती देऊ?”

डॉक्टरांनी अर्धाच गुडघा बदलला. आतली बाजू झिजली होती, बाहेरची चांगली होती. “अर्धी जुनी, अर्धी नवी,” ती शुद्धीवर आल्यावर म्हणाली. “सासूसुनेवानी हाय. जमलं त जमलं.”

जमलं नाही. निदान लवकर नाही.

घरी तिला मागच्या खोलीत ठेवलं. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसे आणि भिंतीवरून खाली येणारा एक पाइप. वॉकर घेऊन पलंगापासून दारापर्यंत सात पावलं, परत सात. मागची मोरी तीन पायऱ्या खाली, म्हणून खोलीतच भोक पाडलेली खुर्ची. ज्या बाईला मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरची न्हाणी ठाऊक होती, तिला स्वतःच्या न्हाणीत जाता येत नव्हतं. “जेल बरी,” ती म्हणे. “तिथं फिराले तरी सोडते.”

डोळ्यांना भिंत, पण कानांना सगळं मोकळं. गल्लीत कोणाचं मूल रडलं की ती पडल्यापडल्या सांगे, “तिसऱ्या घरचं पोटानं रडून राह्यलं. ओवा चोळा म्हणा.” निरोप न्यायला कोणी नसे. तिसऱ्या घरच्या मुलीनं प्लास्टिकचा टब आणलाय, हे मीच तिला सांगितलं. सांगायला नको होतं.

“टबात बुडवते?” ती म्हणाली. “मेथीची जुडी हाय का ते?”

दीड महिन्यानं वडनेरचे लोक भेटायला आले. भाजीपाल्याची शेती त्यांची. मोठं पोतं भरून कोहळी घेऊन आले. विहिणीनं वॉकर पाहिला, खुर्ची पाहिली. बाई वाईट नव्हती. “तुमालेच उठवाले दोन माणसं लागते, विहीणबाई. पोरगी आमच्याकडंच राहू द्या. बाळंत झाल्यावर सव्वा महिन्यानं पाहू. तुमी बसू लागल्या, त पाठवू लेकराले घेऊन.”

तिचं बोलणं खरं होतं. ते गेल्यावर मावशीनं भिंतीकडे तोंड केलं. मी पांघरूण काढलं, पाय सरळ करायला लावला आणि गुडघ्याखाली हात घातला. चार बोटं गेली. ऑपरेशनच्या आधी तीन जात होती.

मी चक्रावले. डॉक्टर म्हणत होते सांधा व्यवस्थित बसलाय. टाके सुकले होते. मी रोज ड्युटीवरून येऊन टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय दाबत होते. मग एका दुपारी मी न सांगता गेले. मावशी झोपली होती आणि डाव्या गुडघ्याखाली एक लाल कापडाची छोटी उशी होती.

मोहरीची उशी. होणाऱ्या नातवंडाचं डोकं गोल व्हावं म्हणून तिनंच आधीच शिवून ठेवलेली. सून रोज मायेनं ती गुडघ्याखाली सरकवून देत होती आणि माझ्या यायच्या वेळी काढून घेत होती. वाकलेला गुडघा दुखत नाही. दुखत नाही म्हणून तो तसाच राहतो, आणि तसाच आखडतो. मी एक तास सरळ करत होते आणि उशी तेवीस तास वाकवत होती.

“ऊब राह्यते वं,” जागी होऊन मावशी म्हणाली. “कोणाचं काय जाते?”

“तुमच्या नातवंडाची अंघोळ जाते,” मी म्हटलं आणि उशी उचलून घरी नेली. कपाटात ठेवून कुलूप लावलं. आठ दिवस ती मला उशीचोर म्हणत होती. सुनेलाही मी झापलं. ती रडली. रडण्यानं गुडघा सरळ होत नाही, हेही सांगितलं.

त्यानंतरचे दिवस कंटाळवाणे होते. टाच वर, गुडघा अधांतरी, मी दाबायची, ती ओरडायची, मी आकडे मोजायची. तीन बोटं. सूज आली की परत चार. बर्फ. परत तीन.

“तुह्या हातात माया नाई,” ती म्हणे.

“नाही. जोर आहे.”

दोन बोटांवर गाडी अडली असताना वडनेरहून फोन आला. मुलगा झाला होता. बारा दिवसांनी पुन्हा फोन आला, तेव्हा मागे तो रडताना ऐकू येत होता. मावशीनं कान लावून ऐकलं. “भुकेचं नाई हे. पाणी जास्त गरम टाकलं कोणीतरी.” रिसीव्हर सुनेच्या हातात देऊन ती मला म्हणाली, “दाब. जोरात दाब.”

पाय सरळ होत आला तरी एक अडचण उरलीच होती. खाली बसायला डॉक्टरांची मनाई. मी सुताराकडून दीड फूट उंचीचा, पाय पसरता येतील असा लांब बाक करून आणला.

“बाकावर न्हाऊ घालते का कोणी? शाळा हाय का?”

“बसून तर पाहा.”

आधी तालीम केली, कोहळ्याची. तीन किलोचं कोहळं, त्याला वरून खालून तेल लावलेलं. पहिलं कोहळं गुडघ्यापाशी डुगडुगलं आणि खाली पडून फुटलं. मी फोडी गोळा केल्या. त्या संध्याकाळी घरात भाजी झाली. मावशी जेवली नाही. चार दिवसांनी दुसरं फुटलं. तिसऱ्याच्या वेळी एक बोट जेमतेम जात होतं. त्या कोहळ्याला तिनं पालथं केलं, उलथं केलं, पाठ चोळली, दोन तांबे पाणी घातलं. शेवटी विचारलं, “काय पाटील, उतरला का माज?” मी ते कोहळं पुसून ओट्यावर ठेवलं. चिरू दिलं नाही.

सव्वा महिना उलटल्यावर विहीण मुलीला आणि बाळाला घेऊन आली. न्हाणीच्या दारात उभी राहिली, बाळ छातीशी घट्ट. मावशी तीन पायऱ्या उतरून गेली, बाकावर बसली, पाय एक एक करून वर घेतले. गुडघ्यावरचा व्रण अजून गुलाबी होता.

“बोट जाते का पाह्य आधी,” ती विहिणीला म्हणाली.

विहिणीनं बाळ मुलीकडे दिलं, वाकली आणि बराच वेळ बोट सरकवत राहिली. मग उठली. बाळ परत घेतलं आणि स्वतःच्या हातांनी मावशीच्या पायांवर ठेवलं. मी कपाटातली उशी आणून दिली.

पुढे सहा वर्षं तो बाक घरोघर फिरला. मावशी पुढे, बाक उचलणारं कोणीतरी मागे.

ती गेली ती दुपारच्या झोपेत. मुलगी वडनेरहून यायची होती. तोवर बायकांनी तिला खाली, फरशीवर घेतलं. डॉक्टरांनी मनाई केल्यापासून ती पहिल्यांदाच फरशीवर होती. हातपाय सरळ करायला मला बोलावलं. हे काम मला नेहमीचं. उजवा पाय सरळ केला. डाव्याकडे वळले तर तो सरळच होता.

तरी मी गुडघ्याखाली बोट घालून पाहिलं. गेलं नाही.