मुराळ्याच्या गाडीचे दिवे

खान्देशात लग्न झालेली लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपली आपण माहेरी जात नाही. तिला न्यायला भाऊ येतो, नाहीतर बाप. त्याला मुराळी म्हणतात. एरवी मी धुळ्याहून जळगावला शाळेच्या प्रशिक्षणाला एकटी जाते, एसटीत जागा नसली तर उभ्यानं जाते. पण आखाजीच्या आदल्या दिवशी बॅग भरून ओट्यावर बसायचं आणि मुराळ्याची वाट बघायची, यात मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट ऐट वाटायची.

यंदा ऐट नव्हती, धाकधूक होती. हिवाळ्यात आई गेली. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, तशी यंदा पहिल्यांदाच आईची भरायची होती. धरणगावच्या घरात आता माझे वडील, आबा, आणि माझा धाकटा भाऊ, दोघेच. सणवार आईच लक्षात ठेवायची, मुराळ्यालाही तीच पिटाळायची. आता मला न्यायचं कुणाच्या डोक्यात तरी येईल का, हेच मला कळत नव्हतं. विचारणार कशी? विचारून आलेलं बोलावणं म्हणजे बोलावणं नव्हे. मग भावाचा आपणहून फोन आला. "अक्का, मी सकाळी दहाला दारात येस." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

दहाला बॅग ओट्यावर. अकरा वाजले तरी त्याचा पत्ता नाही. मी फोन लावला.

"निघतोच आहे," तो म्हणाला. "गाडीचा डावा डीआरएल लागत नाही. फ्यूज पाहून घेतो."

डीआरएल म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला दिवसाढवळ्याही जळत राहणारे ते दोन पांढरे पट्टे. त्याची गाडी सेकंडहॅण्ड. डावा पट्टा दिवाळीपासूनच बंद होता, मलाही माहीत होतं. भाऊबीजेला तो धुळ्याला आला तेव्हा माझी जाऊ दारातूनच म्हणाली होती, "तुमच्या भावाची गाडी डोळा मारते हो." सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, "माहेरची गाडी आहे, एका दिव्यावरच चालते." तो पण हसला आणि आईनं दिलेला फराळाचा डबा माझ्या हातात देऊन आत आला.

"अरे, दिवसा त्या दिव्याचं काय काम?" मी म्हटलं. "तू नीघ."

"फ्यूज चांगला शे अक्का. दोन्ही दिव्यांना एकच फ्यूज, तो गेला असता तर उजवाही लागला नसता. कपलर पाहतो. पाच मिनिटं."

त्याची पाच मिनिटं मला लहानपणापासून ठाऊक आहेत. कपलर, म्हणजे दिव्याच्या वायरीचा जोड, आतून हिरवा पडलेला निघाला. त्यानं तो घासून पुसला. दिवा लागला. हा खूश होऊन निघाला, आणि गावाबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर गाडी आदळली तसा डावा पुन्हा विझला. म्हणून हा परत फिरला! हे त्यानं मला फोनवर सांगितलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, सासूबाई जेवायला हाका मारत होत्या आणि जाऊ येता-जाता माझ्या बॅगेकडे बघत होती.

"आले नाहीत का अजून?" ती म्हणाली.

"येतोय. वाटेत आहे."

मी धडधडीत खोटं बोलले. वाईट याचंच वाटलं, की तिनं पुढे काही विचारलं नाही. गुपचूप माझं ताट वाढलं. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, टोमण्याला माझ्याकडे उत्तर असतं. त्या दयेनं माझी मान खाली गेली.

पुढचा फोन त्याचाच. गॅरेजवाल्यानं उजव्या दिव्याची वायर ओढून डाव्याला लावून पाहिली, तरी डावा मेलेलाच. म्हणजे वायर ठीक, आतली पट्टीच जळालेली. नवी घालावी लागणार. धरणगावात मिळत नाही. "जळगावला आलोय," तो म्हणाला.

जळगाव! धुळ्याच्या बरोबर उलट दिशेला. माझं डोकं फिरलं. ओट्यावर उन्हाची झळ येत होती, समोरच्या घरची लेक मघाशीच तिच्या भावाबरोबर हसत निघून गेली होती, आणि माझा मुराळी जळगावात दिव्याची पट्टी शोधत होता.

चार वाजता परत फोन. बंपर काढून नवा दिवा बसवला, पण नवा पांढराशुभ्र आणि जुना पिवळट, दोन्ही शेजारी शेजारी फार वाईट दिसतात. म्हणून आता उजवाही बदलतोय.

"वाईट दिसतात?" मी ओरडले. आतून सासूबाई बाहेर आल्या, तरी मला थांबता येईना. "मी इथं सकाळपासून बसलेय, सगळ्या गल्लीला तोंड देतेय, आणि तुला गाडी नटवायची पडलीय? आई असती तर तिनं तुला असा खेळ करू दिला नसता. राहू दे, येऊ नको आता. आई गेली, माझं माहेर संपलं, असं मी समजते."

पलीकडे कुणीतरी हातोडी ठोकत होतं. फोन मीच ठेवला.

मग मी बॅग आत नेली आणि रिकामी केली. लुगडी कपाटात. आईच्या घागरीसाठी घेतलेलं नवं कोरं कापडही कपाटात. असा राग आला की मला हात चालवावे लागतात. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "अगं, येईल तो," एवढंच म्हणाल्या. मी कपाटाचं दार आपटलं.

तो आला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. गल्लीत गाडी वळली, हेडलाइटचा झोत ओट्यावर पडला आणि आम्ही सगळ्या बाहेर आलो. त्या झोतात ते नवे पट्टे कुणाला दिसणार? हेडलाइट लावले की त्याच्या गाडीचे ते दिवे आपोआप विझतात. ज्या दिव्यांसाठी दिवस घालवला, ते धरणगावपासून धुळ्यापर्यंत निम्म्या वाटेवर बंदच असणार.

त्यानं इंजिन चालू ठेवलं आणि हेडलाइट बंद केले. तेव्हा लागले दोन्ही. सारखे, पांढरेशुभ्र. तो खाली उतरला. शर्ट घामानं आणि काळ्या डागांनी भरलेला, बोटं सोललेली, सकाळी लावलेला टिळा कपाळभर पसरलेला. सासूबाईंना आणि जावेला वाकून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळला.

"देख अक्का. दोन्ही."

मी दिव्यांकडे पाहिलं.

"आता तुझ्या घरचे हसणार नाहीत," तो हळूच म्हणाला. "आई नाही, तर निदान गाडी तरी नीट असावी, असं वाटलं."

मी हसले होते ते त्यानं दिवाळीपासून मनात धरून ठेवलं होतं. जावेचं नाही, माझं. लाजेनं माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. जावेनं विषय बदलावा म्हणून की काय, "चला, पाणी घ्या," म्हणत तांब्या पुढे केला. तो पाणी प्यायला नाही. तो माझ्या पायांशी, ओट्यावर, इकडेतिकडे काहीतरी शोधत होता. फोनवर मी येऊ नको म्हटलं होतं आणि तरी तो आला होता, आता मी जाईन की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

"बॅग कुठे शे, अक्का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही, जावेकडे पाहिलं नाही. "देते," म्हटलं, आणि आत जाऊन कपाट उघडलं. हाताला येतील ती लुगडी कोंबली, वर आईचं कोरं कापड ठेवलं. सासूबाई आणि जाऊ आत आल्या होत्या. खिडकीतून तो दिसत होता. अंधारात कुणी बघत नसताना, रुमालानं ते दोन्ही दिवे पुसत उभा होता.